सोपा चेंडू

ऑक्टोबर २०२४ मधल्या एका शुक्रवारी मी तेरा महिन्यांनी क्लबात गेलो आणि डावखुऱ्याला पाच गुणांवर हरवलं. ११-५. तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. मी बॅट कव्हरमध्ये घातली, बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो आणि मुलीला फोन करून म्हणालो, ‘लवकर ये, घरी जायचंय.’

तो माझा जुना प्रतिस्पर्धी. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचं नाव फार कमी लोक घेतात, सगळे डावखुराच म्हणतात. नाशिक रोडला टेबल टेनिस खेळणाऱ्या आमच्या पिढीत त्याच्यासारखी खोडकर सर्व्हिस कुणाची नव्हती. त्या दिवशी मात्र त्याचा प्रत्येक चेंडू माझ्या उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर, फिरकी न घेता यायचा. लग्नात पाहुण्याच्या ताटात जिलेबी ठेवावी तसा. मी मारायचो. तो ‘वा भाई!’ म्हणायचा.

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल.

२८ सप्टेंबर २०२३. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती, म्हणून तारीख विसरत नाही. आठवडाभरापूर्वी पोट बिघडून बरं झालं होतं. पहाटे फज्रला उठलो तर पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. दुपारी जिना चढताना गुडघे आपले नाहीत असं वाटलं. मगरिबच्या नमाजला सज्द्यात गेलो आणि उठताच येईना. कपाळ जानमाजवर टेकलेलं, तोंडात तस्बीह, आणि पाय ऐकत नाहीत. पहिल्यांदा वाटलं, पाय आखडला असेल. मग बायकोने आणि मुलीने काखेत हात घालून उचललं. रिक्षातून दवाखान्यात जाताना बाहेर विसर्जनाचे ढोल वाजत होते आणि मला वाटत होतं, माझ्या पायांत ढोलाची धमक तरी का जाणवत नाही?

आजाराचं नाव गिलियन बारे सिंड्रोम. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून आपल्याच नसांवर चालून जाते, नसांवरचं आवरण कुरतडते. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि लुळेपणा वर चढत जातो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात याची साथ आली तेव्हा पेपरांत रोज ‘जीबीएस’ छापून येऊ लागलं. त्याआधी मी नाव सांगितलं की लोक ‘जीपीएस’ ऐकायचे.

लुळेपणा छातीपर्यंत चढला तर श्वास जातो. म्हणून डॉक्टर दर काही तासांनी माझ्याकडून आकडे म्हणवून घ्यायचे. पोटभर श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात एक, दोन, तीन करत जिथवर जाता येईल तिथवर जायचं. पहिल्या रात्री ३१ पर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी २२. तिसऱ्या रात्री १४ वर थांबलो आणि मला अतिदक्षता विभागात हलवलं. इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या पाच दिवस चालू होत्या. पाचव्या दिवशी १७ झाले. बायको बाहेर बसून यासीन पढत होती. मी आत आकडे म्हणत होतो. माझ्यासारख्या माणसाला हे बरं पडलं. २१ गुणांच्या गेमच्या जमान्यात खेळायला शिकलो, २००१ पासून ११ ची सवय केली, आता हा तिसरा खेळ. १८ झाले, १९ झाले. यंत्र लावायची वेळ आली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

पाच आठवड्यांनी घरी आलो तो चाकाच्या खुर्चीतून. मग वॉकर, मग काठी. हात परत आले. डावा पाय आला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. घोट्यापासून पुढचं पाऊल वर उचललं जात नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. त्यासाठी बुटात प्लास्टिकची स्प्लिंट घालावी लागते. ती घालायची, काढायची, वुजूला पाय धुवायचे, पुसायचे, परत घालायची. अजान झाल्यावर निघालो तर जमात चुकते, म्हणून अजानच्या आधी निघतो.

मशिदीत मला खुर्ची मिळाली. सफच्या टोकाला प्लास्टिकच्या चार-पाच खुर्च्या असतात, तिथे गुडघेदुखीचे म्हातारे बसतात. पहिल्या जुम्म्याला मी गेलो तेव्हा त्यांतल्या एकाने आपली खुर्ची सरकवून जागा केली, माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. मला फार बरं वाटलं. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, तेही नसेल तर इशाऱ्याने. नमाज पूर्णच धरली जाते. या सवलतीत दया नाही, तो हक्क आहे. इतकंच नव्हे, तंदुरुस्त असताना माणूस जी नेकी करायचा, तिचा सवाब आजारपणातही त्याच्या खात्यावर लिहिला जातो, असा एका हदीसचा आशय आहे. म्हणजे वर माझा हिशेब चालूच होता. दवाखान्यात पडून मी तहज्जुद पढत नव्हतो, पण पूर्वी पढायचो कधीमधी, त्याचं ते बघून घेतील.

टेबलाच्या बाबतीत असा हिशेब चालत नाही. तिथे मागच्या वर्षीचा फटका या वर्षी खात्यावर जमा होत नाही. आणि मला तो व्हायला नकोच होता. हे मी बायकोला समजावू शकलो नाही.

१४ जून २०२४ ला ‘चंदू चॅम्पियन’ लागला. बकरी ईद तीन दिवसांवर होती, घरात गडबड. तरी मुलगी हट्टाने मला घेऊन गेली. काठी टेकत अंधारात पायऱ्या चढणं ही त्या दिवशीची माझी स्पर्धा. चित्रपट मुरलीकांत पेटकरांवर आहे हे बहुतेकांना ठाऊक असेल. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा कुस्तीवेडा मुलगा सैन्यात गेला, ईएमईमध्ये मुष्टियोद्धा झाला, १९६४ मध्ये सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी टोकियोला जाऊन आला. पुढच्याच वर्षी युद्ध. विमानांच्या हल्ल्यात शरीरात गोळ्या घुसल्या, एक पाठीच्या कण्याशी कायमची राहिली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात ते दीर्घकाळ होते. डॉक्टरांनी उपचार म्हणून पाण्यात उतरवलं. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक, त्यांच्या गटातला जागतिक विक्रम. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक, आणि अभिनव बिंद्राच्या ३६ वर्षं आधीचं वैयक्तिक सुवर्ण.

शेजारी मुलगी रडत होती. मला रडू आलं नाही, थोडा रागच आला. चित्रपटात महिने मिनिटांत सरतात. पलंगावरच्या माणसाला पाण्यात उतरेपर्यंत किती दुपारी काढाव्या लागल्या असतील, लघवीच्या नळीचं काय, पाठीला जखमा झाल्या का, हे माझ्या डोक्यात फिरत होतं. हल्ली मला कुणाची विजयगाथा ऐकवली की मी आधी बेडपॅनचा विचार करतो. त्यात बायकोचा वाटा आहे.

घरी येऊन मी पेटकरांबद्दल मिळेल ते वाचलं. आणि एक गोष्ट सापडली जी पदकाच्या झगमगाटात कुणी सांगत नाही. हायडेलबर्गच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते उतरले होते ते टेबल टेनिस खेळायला. भारताचीही ती पहिलीच वेळ. अपंग खेळाडूंना मदत करणाऱ्या विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांना साहाय्य केलं होतं. पेटकरांनी पहिली फेरी पार केली. पदक नाही. मला ३७.३३ सेकंदांपेक्षा ती एक फेरी जास्त जवळची वाटते. ज्याचं सगळं पायांच्या हालचालीवर उभं होतं असा मुष्टियोद्धा खुर्चीत बसून हातात हलकीशी बॅट घेतो आणि समोरच्या माणसाला हरवायचा प्रयत्न करतो. मुष्टियुद्धात तो कधीच परतला नाही. परतला तो कशात, तर समोर कुणीतरी आपल्याला हरवायला उभं आहे, या स्थितीत.

या स्पर्धांची सुरुवातही अशीच आहे. जर्मनीतून जीव वाचवून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान. कणा मोडलेला सैनिक म्हणजे थोड्या दिवसांचा पाहुणा, असं तेव्हा डॉक्टरही मानत. पाठीच्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांनीच तो जायचा. गुटमाननी स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायला लावली आणि खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. स्पर्धा घेतली, हे महत्त्वाचं. नुसता व्यायाम पुरला असता की. माझी फिजिओथेरपिस्ट वहीत सेकंद लिहायची, आधाराशिवाय किती उभा राहिलो ते. ४, ७, ७, ६, ११. तिला विचारलं, बाकीच्या पेशंटचे किती होतात? ती हसली, सांगितलं नाही. मी शेजारच्या कॉटवरच्याचे मनात मोजायला लागलो.

अब्बा असते तर त्यांनी पतौडी काढला असता. आमच्या घरी क्रिकेटच्या गप्पांचा शेवट तिथेच व्हायचा. १ जुलै १९६१ ला मोटार अपघातात उजव्या डोळ्याची नजर गेली आणि त्याच डिसेंबरात दिल्लीला पहिली कसोटी खेळला. जानेवारीत मद्रासला शतक. मार्चमध्ये, २१ व्या वर्षी, भारताचा कर्णधार. एकाच्या जागी दोन चेंडू दिसत, त्यांतला आतला खरा धरून मारायचा. अब्बा हे सांगताना एक डोळा मिटून हातवारे करत. लहानपणी मला त्यात फक्त बहादुरी दिसायची. आता वाटतं, त्याच्याकडे धावत येणाऱ्या गोलंदाजांनी त्याला कुठलीही सूट दिली नाही, हे त्याचं केवढं नशीब! कुणी हळू टाकला असता तर तो संपला असता.

तर डावखुरा. त्या शुक्रवारनंतर मी क्लबात गेलो नाही. दुसऱ्या रविवारी तो घरी आला, केळी घेऊन, जसा दवाखान्यात यायचा तसाच. बायकोने चहा ठेवला.

‘रागावलास?’

‘तू मला सोडत होतास.’

‘मग काय पाडू तुला? आखूड टाकला असता तर पुढे आला असतास, पाय अडकला असता. डोकं टेबलावर आपटलं असतं तर वहिनींना काय तोंड दाखवू?’

यावर उत्तर नव्हतं. खेळ जाणणाऱ्याला कळेल की त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याला फोरहँडच्या बाजूला जाळीजवळचा आखूड चेंडू घ्यायचा तर उजवा पाय टेबलाखाली टाकावा लागतो. माझा नेमका तोच पाय.

चहा आणताना बायको म्हणाली, ‘तुम्हाला हरायची एवढी हौस असेल तर घरी माझ्याशी भांडत जा.’ डावखुरा हसला. ती हसली नाही. कप ठेवून म्हणाली, ‘हाड मोडलं तर तेरा महिने परत मीच काढायचे.’ तिचा मुद्दा आजही तिथेच आहे. मी खेळतो तो तिच्या जिवावर, हे मला मान्य आहे. तिने परवानगी दिली नाही. तिने विरोध थांबवला, एवढंच.

आमच्यात ठरलं असं: तो कुठेही टाकेल. जो चेंडू मला झेपणार नाही तो मी सोडून देईन, झेप घेणार नाही. आणि ‘वा भाई’ बंद.

मधल्या काळात मी पॅरा टेबल टेनिसचे नियमही वाचून काढले. १ ते ५ गट चाकाच्या खुर्चीवरच्यांचे, ६ ते १० उभ्याने खेळणाऱ्यांचे, ११ वा बौद्धिक अपंगत्वाचा. पूर्वी मला हे वर्गीकरण म्हणजे सरकारी दाखल्यासारखं वाटायचं. आता दिसलं की ही सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: समोरच्याला तुमच्यावर दया करावी लागू नये. बारकावे तर सुंदर आहेत. खुर्चीवरून खेळणाऱ्याला फटका मारून झाल्यावर तोल सावरायला टेबलावर हात टेकवता येतो. उभ्याने खेळणाऱ्याचा मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागाला लागला की गुण गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा दिलीप गावित, लहानपणी झाडावरून पडून हात गमावलेला, नाशिकला वैजनाथ काळे सरांकडे तयार झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत पळून सुवर्ण घेऊन आला. मी तेव्हा पलंगावर होतो. आता बघतो, ४९.४८! दोन्ही हात शाबूत असलेल्या आमच्या गल्लीतल्या एकाही पोराला ते जमणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात पेटकरांना अर्जुन पुरस्कार दिला, जीवनगौरव म्हणून. पद्मश्री २०१८ ला मिळाली होती. अर्जुनसाठी त्यांची मागणी नाकारली गेली ती १९८२ मध्ये. ४३ वर्षं. घड्याळाने ३७.३३ सेकंदांत जे कबूल केलं ते सरकारला कबूल करायला एवढा वेळ लागला. ऐंशी वर्षांच्या माणसाला पुरस्कार घेताना पाहून मुलगी म्हणाली, ‘अब्बा, आज तरी रडा.’

फेब्रुवारीत आमच्याकडे पन्नाशीपुढच्यांची एक छोटी स्पर्धा होती. मी नाव दिलं. पॅरा गटात नाही. इथल्या स्पर्धेत तो नव्हताच. पहिल्याच फेरीत डावखुरा आला. सोडतीत लबाडी झाली असावी असा माझा संशय आहे, पण त्याबद्दल मी आयोजकांचा आभारी आहे.

पहिला गेम ११-४. त्याने सहा सर्व्हिस फोरहँडला आखूड टाकल्या. मी ठरल्याप्रमाणे सोडून दिल्या, दोनांना हात घातला, दोन्ही जाळीत. दुसरा ११-६. तिसऱ्यात मी थोडा डावीकडे उभा राहिलो, लांबून फिरकी द्यायला लागलो आणि त्याची दमछाक झाली. त्याचंही वय झालंय. ९-९. त्याने परत आखूड टाकला. या वेळी मी पाय आत टाकला. बूट अडकला नाही. चेंडू उचलला गेला, जाळीवरून त्याच्या बॅकहँडला गेला, तो पोहोचला नाही. हॉलमधून आवाज झाला. मला वाटलं, १०-९.

डावखुऱ्याने हात वर केला. पंचांकडे बघून म्हणाला, ‘हात टेकला त्याचा.’

खरं होतं. तोल सावरताना डावा तळवा टेबलावर टेकला होता, वॉकरची सवय. पंचांना दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘जाऊ द्या हो, आता यांना...’

‘जाऊ द्या कसं?’ डावखुरा म्हणाला. ‘हात टेकला. माझा पॉइंट आहे.’

मी मान हलवली. १०-९ झाले ते त्याचे. पुढचा चेंडूही त्यानेच जिंकला. बघणाऱ्यांपैकी दोघे-तिघे त्याच्यावर नाराज झाले, एकाने ‘माणुसकी’ हा शब्दही वापरला. मी त्याचा हात धरला तो लवकर सोडला नाही.

मुलगी स्कूटर घेऊन आली. म्हणाली, ‘हरलात?’ म्हटलं, ‘तीन-शून्य.’ तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटेत बिटकोला थांबून उसाचा रस पाजला.

दुसऱ्या दिवशी फज्रला मांडी एवढी ठणकत होती की खुर्चीवरूनही नीट वाकता येईना. शेजारच्या खुर्चीतल्या चाचांनी सलाम फेरल्यावर विचारलं, ‘क्या हुआ बेटा, फिर से तकलीफ?’ मी सांगितलं, नाही, खेळलो. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी हात उचलून शिफाची दुआ केली आणि मी आमीन म्हटलं.

शुक्रवारी परत क्लब. हल्ली मी डाव्या हातात रुमाल धरून खेळतो, म्हणजे टेबलावर टेकायची आठवण होणार नाही. आखूड सर्व्हिस अजून पाचातली एकच उचलता येते.